आजाराची वंशावळ कशी काढायची, मुलींची नावं न गाळता

आमच्या मोठ्या मामाला लोक बेवडा समजायचे. आयुष्यात थेंब घेतला नव्हता त्याने, माळकरी माणूस, पण एसटी स्टँडवरून घरी येताना पाय असे पडायचे की समोरून येणारा आपोआप बाजूला व्हायचा, आणि हात, खांदे, भुवया सतत काहीतरी करत असायच्या. निदान व्हायला बारा वर्षं गेली. आधी दारू सोडवायचं औषध (न पिणाऱ्याला!), मग देवऋषी, मग पितृदोष म्हणून त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी, मग कुणीतरी पार्किन्सन म्हणालं, आणि शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने मामीला विचारलं, "यांच्या घरात अजून कुणाला असं होतं का?" मामी म्हणाली, छे, कुणाला नाही. खरं तर आजोबांना, म्हणजे मामाच्या वडिलांना, होतं. पण ती लग्न होऊन आली तेव्हा आजोबा अंथरुणाला खिळलेले होते आणि तिला सांगितलं होतं की वारं गेलंय.

त्या एका "छे" मुळे अजून दोन वर्षं गेली. मग टेस्ट झाली आणि नाव कळलं, हंटिंग्टन. आता मी जे लिहितेय ते एवढ्यासाठी की तुमच्या घरात असं काही असेल, हंटिंग्टन, अटॅक्सिया (तोल जातो, चाल बिघडते तो आजार), लहान वयात आलेला स्मृतिभ्रंश, काहीही मेंदूचं आणि पिढ्यांतून येणारं, तर डॉक्टरकडे जाताना हातात एक कागद पाहिजे. महागडी टेस्ट नंतर, आधी हा कागद. मी आमचा काढला, दीड वर्ष लागलं, आणि त्यात आमच्या घरात तीन पिढ्या जे समजत होते ते साफ चुकीचं निघालं.

ही कल्पना माझी नाही. नॅन्सी वेक्सलर म्हणून अमेरिकन बाई आहेत, शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ. १९६८ मध्ये त्यांच्या आईला, लिओनोरला, लॉस एंजेलिसमध्ये सकाळी कोर्टात ज्युरीच्या कामाला जाताना एका पोलिसाने हटकलं की सकाळी सकाळी पिऊन फिरायला लाज नाही वाटत का. त्याच वर्षी तिला हंटिंग्टन असल्याचं कळलं. तिचे वडील आणि तिन्ही भाऊ याच आजाराने गेले होते, आणि स्वतः लिओनोर आनुवंशिकीच शिकलेली होती. (हे वाचलं तेव्हा मला आमचा स्टँड आठवला, मी पुस्तक बाजूला ठेवलं.) दोन मुली, अ‍ॅलिस आणि नॅन्सी, दोघींनाही निम्मी शक्यता. वडील मिल्टन वेक्सलर यांनी त्याच वर्षी हेरिडिटरी डिसीज फाउंडेशन सुरू केलं आणि नॅन्सी या शोधात उतरल्या.

व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठी मासेमारांची गावं आहेत, काही घरं तर पाण्यात खांब रोवून उभी केलेली. तिथे घराघरांत हा आजार. १९५५ मध्ये आमेरिको नेग्रेते या तिथल्याच डॉक्टरने त्यावर लिहिलं, त्यालाही आधी वाटलं होतं की ही माणसं प्यायलीत. वेक्सलर १९७९ मध्ये पहिल्यांदा गेल्या आणि १९८१ पासून वीसेक वर्षं दरवर्षी टीम घेऊन जात राहिल्या, आणि काम काय, तर अंगणात बसून विचारायचं, तुझी आई कोण, तिची आई कोण, भावंडं किती, कोण कसं गेलं. असं करत करत दहा पिढ्यांची, १८,००० च्या वर माणसांची वंशावळ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मारिया कॉन्सेप्सिऑन नावाच्या एका बाईपर्यंत ती पोचते. सोबत ४,००० च्या वर रक्ताचे नमुने. त्या रक्ताच्या आणि त्या कागदाच्या जोरावर १९८३ मध्ये जेम्स गुसेला यांच्या टीमला ४ नंबरच्या गुणसूत्रावर या आजाराच्या जीनची खूण सापडली आणि मार्च १९९३ मध्ये जीन सापडला. म्हणजे आपल्याकडे किल्लारी झालं त्याच वर्षी. रक्त तर कुणाचंही मिळतं हो, पण कोण कुणाचं कोण हे माहीत नसेल तर त्या रक्ताचा काही उपयोग नाही.

आता कागदाकडे.

मोठा कागद घ्या, ड्रॉइंगचा किंवा कॅलेंडरची मागची बाजू, आणि पेन्सिल. पेनाने काढू नका, खोडावं लागतं, खूप खोडावं लागतं. पुरुष चौकोन, बाई गोल. नवरा-बायको आडव्या रेघेने जोडायचे, त्या रेघेतून खाली मुलं, थोरलं डावीकडे. आजार होता तो चौकोन किंवा गोल भरून काळा, संशय असेल तर आत प्रश्नचिन्ह, वारलेल्यावर तिरकी रेघ. पिढ्यांना डाव्या कडेला रोमन आकडे. ज्या माणसापासून चौकशी सुरू झाली त्याच्याकडे छोटा बाण. जगभरचे डॉक्टर ह्याच खुणा वाचतात त्यामुळे आपलं डोकं लावून वेगळे रंग वगैरे करू नका.

नात्यात लग्न झालं असेल तर दुहेरी रेघ. आपल्याकडे मामाची मुलगी केलेली घरं भरपूर, तेव्हा हे विसरू नका. वेक्सलर पहिल्यांदा व्हेनेझुएलाला गेल्या त्याही खास जोडप्यांच्या शोधात, आई आणि बाप दोघांनाही हंटिंग्टन आहे अशी घरं, कारण त्यांच्या मुलांमध्ये बिघडलेल्या जीनच्या दोन कॉप्या (एक आईकडून, एक बापाकडून) असलेलं कुणीतरी सापडणार. सापडलं. आणि दोन कॉप्या असलेल्यांना एकवाल्यांपेक्षा आजार फार वेगळा नव्हता, एक बिघडलेली कॉपीच पुरते असा त्याचा अर्थ.

प्रत्येक खुणेशेजारी किती वर्षांचा होऊन गेला, कशाने, आणि आजार असेल तर पहिलं लक्षण कोणत्या वयात. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड. "म्हातारपणी झालं" असं कुणी सांगितलं तर लिहू नका, आपल्याकडे पंचेचाळिशीचा माणूसही म्हातारा असायचा. तारीख कुणाला आठवत नाही पण घटना आठवतात. मी आईच्या चुलत्याला विचारलं, आजोबांना कधीपासून, तर म्हणाले "लई आधीपासून". मग विचारलं, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा? तेव्हा धडधाकट, सगळ्यांना घराबाहेर त्यांनीच काढलं. बरं, बहात्तरच्या दुष्काळात? त्यावर ते गप्प बसले, मग म्हणाले, "खडी फोडायला गेलो होतो दोघं, त्याच्या हातात हातोडा राहीना, मुकादमानं दोन दिवसांत काढून टाकला." झालं. आजोबांचा जन्म १९३० चा, भूकंप १९६७ चा, म्हणजे सदतिसाव्या वर्षी ठीक आणि बेचाळिसाव्या वर्षी हातोडा पडतोय. पानशेत, कोयना, दुष्काळ, इंदिराबाई गेल्या ते, किल्लारी, गावात वीज कधी आली, पहिला टीव्ही कुणाकडे, सगळं कामाला येतं.

आणि "काही आजार होता का" असं विचारूच नका, उत्तर "नाही" असंच येतं. चहा पिताना कपबशी वाजायची का. चप्पल पायातून निसटायची का. जेवताना ठसका लागायचा का, शेवटी पातळ करून भरवायला लागलं का. दाढी स्वतः करायचे का आणि कधी बंद केली. चांगला माणूस एकाएकी संतापी झाला का, पैसे उडवायला लागला का, नोकरी का सोडली. या आजारात हातपाय हलायच्या कितीतरी आधी स्वभाव फिरलेला असतो, आणि घरच्यांना नेमकं तेच आठवतं कारण तेच लागलेलं असतं. "भांडकुदळ झाला होता मेला" हे वाक्य मी चार जणींकडून चार वेगवेगळ्या माणसांबद्दल ऐकलं.

विचारायचं कुणाला, तर सुनांना. मुलगे बापाबद्दल चांगलंच बोलतात, करायला सुनाच होत्या. दुपारी जेवणं झाल्यावर, भाजी निवडताना, वही न काढता. वही काढली की माणूस सावध होतो. मी घरी येताना एसटीत बसून लिहायचे.

कागदपत्रंही बघा. सातबाऱ्याच्या वारस नोंदीचे फेरफार काढा तलाठ्याकडून, माणूस कधी गेला आणि मागे कोण कोण राहिलं हे तिथे असतं आणि हक्कसोड केलेल्या बहिणींची नावंसुद्धा असतात. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, जातीच्या दाखल्यासाठी कुणीतरी नक्कल काढलेली असतेच. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या असतात. काही घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत.

पण इथेच गोम आहे. कुलवृत्तांत घ्या किंवा भिंतीवर फ्रेम केलेली वंशावळ घ्या, त्यात मुलगी असते "अमक्यांस दिली" आणि विषय संपला, तिची मुलं नाहीत, नातवंडं नाहीत. आणि सून येते ती नुसत्या नावाने, माहेर नाही, आईबाप नाहीत. आपल्या वंशावळी आडनावाच्या मागे जातात, जीन आडनाव बघत नाही. हंटिंग्टनमध्ये आजारी आईकडून किंवा बापाकडून प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मुलगा असो मुलगी असो, प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं. "दोघांना झालं म्हणजे तिसरा सुटला" असा काही हिशोब नसतो.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. सगळे म्हणायचे हा आमच्या आडनावाचा दोष, म्हणून तर नागबळी. मी कागद काढला तेव्हा आजोबा काळे, त्यांची एक बहीण (आईची आत्या, मी तिला आत्याआजी म्हणायचे) काळी, पण त्यांचे वडील, माझे पणजोबा, ऐंशी पार करून गेले, शेवटपर्यंत चालत शेतात. तिथे कागद अडला. हंटिंग्टन असा एक पिढी गाळून येत नाही. म्हणजे कुणीतरी लक्षणं दिसायच्या आत गेलं. पणजी! एकोणतिसाव्या वर्षी बाळंतपणात गेलेली, तिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही, फोटोसुद्धा नाही. तिचं माहेर फलटणकडचं एवढंच आत्याआजीच्या मुलीला ठाऊक. मी तिकडे गेले. तिच्या भावाच्या नातसुनेने मला चहा दिला आणि मी काही विचारायच्या आत खाटेवरच्या माणसाकडे बोट करून म्हणाली, "आमच्यात हे असतंय." खाटेवरच्याचे पाय पांघरुणाखाली हलत होते. मामाचे हलायचे तसेच.

तीन पिढ्या ज्यांच्या नावाने पिंड दिले ते बिचारे निर्दोष. आणि जिच्याकडून आलं तिचं नाव वंशावळीत नव्हतंच.

तर कागद भरला की बघायचं काय. प्रत्येक पिढीत कुणीतरी काळं, बायका-पुरुष दोघंही, बापाकडून मुलालाही जातंय, तर हंटिंग्टन किंवा बऱ्याच अटॅक्सियांसारखा प्रकार. आईबाप दोघं धडधाकट आणि एकाच पिढीतली भावंडं आजारी, त्यात नात्यातलं लग्न, तर वेगळा प्रकार, दोन्ही कॉप्या बिघडाव्या लागतात तो. इथे थांबून एक सांगते, कारण हे महत्त्वाचं आहे: विल्सन डिसीज याच दुसऱ्या प्रकारातला, शरीरात तांबं साठतं, तरुण मुलांचे हात थरथरतात, बोलणं जड होतं, आणि त्याला औषध आहे, वेळेत दिलं तर मुलगा सुधारतो. म्हणून "आमच्यात असतंच" म्हणून कुणाला खाटेवर टाकू नका. बी-१२, थायरॉइड हेही आधी तपासून घ्यावं. कागद निदान करत नाही, डॉक्टरला दिशा देतो. आणखी एक, बापाकडून आलेला हंटिंग्टन कधीकधी पुढच्या पिढीत लवकर सुरू होतो, त्यासाठीच ती सुरुवातीची वयं लिहायची.

भारतात हे काम झालेलं नाही असं समजू नका. एससीए-१२ नावाचा अटॅक्सियाचा प्रकार उत्तरेत अगरवाल समाजातल्या घरांमध्ये बराच आढळतो, त्यावर दिल्लीच्या आयजीआयबी (जीन्सवर संशोधन करणारी सरकारी संस्था) आणि एम्सच्या लोकांनी वर्षानुवर्षं काम केलंय. बंगळुरूचं निम्हान्स या आजारांसाठी जुनं आणि माहितगार ठिकाण.

टेस्टबद्दल. हंटिंग्टनच्या जीनमध्ये सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. २६ पर्यंत वेळा असतील तर नॉर्मल. २७ ते ३५ असतील तर त्या माणसाला होत नाही पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो. ३६ ते ३९ म्हणजे होईल किंवा नाहीही होणार. ४० किंवा त्याच्या वर असेल तर पुरेसं जगलात तर होणार. मामाचा ४४ होता. साधारणपणे आकडा मोठा तितकं लवकर, पण यावरून तारीख काढत बसू नका. व्हेनेझुएलाच्याच घरांवरचा २००४ चा अभ्यास आहे, आजार सुरू व्हायच्या वयातला जो फरक आकड्याने समजत नाही त्यातला ४०% भाग इतर जीन्सचा आणि ६०% भोवतालचा निघाला. चुलतभावाला अडतिसाव्या वर्षी झालं म्हणून तुम्हालाही अडतीसलाच, असं नाही.

आमचा एक फटका: आधी आम्हाला कुणीतरी होल एक्झोम टेस्ट (बहुतेक सगळे जीन्स एकदम वाचणारी) करायला लावली, भरपूर पैसे गेले, रिपोर्ट नॉर्मल, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. अशी पुन्हा पुन्हा येणारी अक्षरं त्या टेस्टमध्ये नीट पकडली जात नाहीत, त्यासाठी रिपीट मोजायची वेगळी टेस्ट असते. रक्त द्यायच्या आधी लॅबला स्पष्ट विचारा, यात सीएजी रिपीट मोजणार का.

आणि ज्याला काहीच लक्षण नाही त्याने टेस्ट करायची की नाही हा वेगळाच प्रश्न. घाईने नाही. आधी जेनेटिक काउन्सेलरशी बसून बोलायचं, एकदा नाही दोनतीनदा, रिपोर्ट घ्यायला एकट्याने जायचं नाही, आणि मुलांची अठराच्या आत करायची नाही, ते मोठे झाले की त्यांचं ते ठरवतील. टेस्ट आली तेव्हा खुद्द वेक्सलरसुद्धा आपण केली की नाही हे लोकांना सांगत नव्हत्या. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यांनाही हा आजार आहे. म्हणजे चाळीस वर्षं जे शोधलं ते स्वतःच्या अंगात.

माझं सांगायचं तर मी टेस्ट केलेली नाही. आई निम्म्यावर, मी पावावर. पण मी केली आणि पॉझिटिव्ह आली तर आईचा रिपोर्ट तिला न विचारता लागला, कारण माझ्याकडे तो तिच्याकडूनच येणार. आईला कळून घ्यायचं नाही. म्हणून थांबलेय. तुम्ही करा किंवा करू नका, पण कागदावर बघा की तुमच्या रिपोर्टने वर कुणाचा रिपोर्ट फुटतो.

हा कागद फॅमिली ग्रुपवर टाकू नका. मी पहिला अर्धा कागद "बघा किती माणसं सापडली" म्हणून टाकला होता, दहा मिनिटांत काढला तरी एका मावसबहिणीचं ठरत आलेलं स्थळ फिस्कटलं, ती अजून माझ्याशी बोलत नाही आणि तिचं बरोबर आहे. मूळ कागद एकाकडे, डॉक्टरला दाखवायच्या कॉपीवर नावं नाहीत, नुसते आकडे. विम्याचंही बघून ठेवा. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलंय की जेनेटिक आजार म्हणून सरसकट आरोग्य विमा नाकारता येणार नाही, पण टर्म प्लॅनचं वेगळं, तो घ्यायचा असेल तर टेस्टच्या आधी विचार करा आणि फॉर्ममध्ये जे विचारलंय ते लपवू नका.

एकदा कागद झाला की नातेवाईक तुम्हाला बातम्या पाठवायला लागतात, "औषध आलं गं". प्रत्येक वेळी बघायचं किती माणसांवर, किती काळ, कशाशी तुलना. सप्टेंबर २०२५ मध्ये एएमटी-१३० या जीन थेरपीची बातमी आली, आजार ७५% मंदावला म्हणून, मलाच अकरा जणांनी पाठवली. बातमी खरी आणि आशेची, पण तो आकडा जास्त डोस दिलेल्या, तीन वर्षं पूर्ण झालेल्या १२ जणांचा, मेंदूत ऑपरेशन करून दिलेल्या औषधाचा, आणि तुलना बाहेरच्या रुग्णांच्या नोंदींशी. त्याआधी टोमिनरसेन नावाच्या औषधावर असाच जीव लागला होता लोकांचा, २०२१ मध्ये त्याची ट्रायल थांबवावी लागली. आत्ता हातात आहे ते हालचाली कमी करणारं टेट्राबेनाझिन, चिडचिडीवरची आणि मनाची औषधं, गिळायला शिकवणारे थेरपिस्ट. मामाला शेवटच्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जाड बुडाच्या कपाचा आणि जमिनीवरच्या गादीचा.

शेवटचं एक राहिलं, धडधाकट माणसांपुढेही वय लिहा, आणि ते आज काय करू शकतात ते. नुसतं रिकामं वर्तुळ काही सांगत नाही. ऐंशीव्या वर्षी सायकल चालवणाऱ्या पणजोबांमुळेच तर आमचा कागद पणजीकडे वळला. वर कोपऱ्यात तारीख टाका, दर दिवाळीला काढून बघा.

गेल्या दिवाळीला आईने बघितला. चष्मा लावून बराच वेळ बघत होती, पणजीच्या वर्तुळावर बोट ठेवलं, मग म्हणाली माझं एक भावंड राहिलंय, सव्वा महिन्याचं गेलेलं, त्याला काढ. काढलं. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या वर्तुळाशेजारी तिच्या त्या सातवी पास अक्षरात लिहिलं, "६४. सुईत दोरा ओवते."